आंबट माझं, वास तुझा

कॅप्टनना मी बसलेलं एकदाच पाहिलं. बाकी सगळा वेळ ते उभे, नाहीतर चालत. जेवायचेसुद्धा उभ्याने, स्वयंपाकघराच्या दाराला पाठ टेकून, ताटली हातात आणि नजर शेगड्यांवर. "घोडा पन उभ्यानं झोपतो," आमचा आचारी म्हणायचा, "पन तो निदान झोपतो तरी."

कॅप्टन म्हणजे जहाजाचे नव्हेत. हॉटेलात वेटरांच्या वरचा, टेबलावर येऊन ऑर्डर घेणारा जो असतो त्याला कॅप्टन म्हणतात, ते. तसे ते जहाजावरही होते, पण तिथे स्टुअर्ड. वेंगुर्ल्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं प्रवासी बोटीवर साहेबलोकांच्या ग्लासांत वाइन ओतण्यात घालवली आणि मग वाशी-कोपरखैरणे रस्त्यावरच्या आमच्या हॉटेलात आले. त्या काळात तो रस्ता कायम खणलेला असायचा. आज पाण्याची लाइन, उद्या टेलिफोनची, परवा कुणालाच ठाऊक नाही कशाची. गिऱ्हाईक फळीवरून तोल सांभाळत आत यायचं आणि जाताना, घेतलेली असली तर, तीच फळी त्याला दोन दिसायची.

हॉटेल शेठचं. शेठ तिथल्याच बोनकोडे गावचे. शेतं नव्या शहरात गेली, बदल्यात प्लॉट आला, प्लॉटवर हॉटेल उभं राहिलं. गळ्यात तुळशीची माळ. मासमच्छीला हात नाही, दारूचं तर नावच नको, आणि तळमजल्यावर परमिट रूम जोरात चाललेली. याबद्दल कोणी छेडलं तर म्हणायचे, "मी इकतो. पितो थोराच?"

आणि मी. बी.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षा देत बसलेली, तोवर दिवसपाळीला कॅश काउंटरवर. वडील आमच्या सोसायटीत सांगायचे, "अकाउंट्समध्ये आहे." कुठल्या कंपनीत ते कुणी विचारलं की त्यांना खोकला यायचा. वाइन मी जन्मात प्यायले नव्हते.

हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायचं आहे ते वाइन कार्डाबद्दल. आजवर मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं वाइन कार्ड आमच्या त्या हॉटेलात होतं आणि ते तिघांनी मिळून केलं होतं. एक माळकरी, एक न पिणारी, आणि तिसरे कॅप्टन, ज्यांना वास येत नव्हता.

मला ते कळलं नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात. एका बिलाचा घोळ विचारायला मी आत गेले. कॅप्टन ओट्याशी उभे राहून चमच्याने रस्सा चाखत होते आणि त्यांच्या मागे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, भट्टीच्या कडेला टाकलेलं फडकं धुमसत होतं. आचारी मागे मासळी धूत बसलेला. धूर अजून बारीक होता, पण वास असा की डोळ्यांना पाणी यावं.

"कॅप्टन, फडकं जळतंय."

त्यांनी वळून फडकं खेचलं, मोरीत टाकलं, वर पाणी ओतलं. मग माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक.

"कधीपासून वास येत होता?"

"अख्ख्या वाशीला येत होता. तुम्हाला नाही आला?"

त्यांनी मला सामानाच्या खोलीत नेलं आणि दार उघडंच ठेवून, हळू आवाजात सगळं सांगितलं. बोट हलत होती, लोखंडी जिन्यावरून ते उलटे पडले, डोकं मागून आपटलं. शुद्धीवर आल्यावर सूप दिलं तर ते नुसतं गरम खारट पाणी. डॉक्टर म्हणाला, वास कधी जातो, कधी परत येतो. "माझा नाही आला. तिथेच कुठेतरी राहिला, दर्यात."

"शेठना माहीत आहे?"

"माहीत असतं तर ठेवलं असतं काय गो? वाइनसाठी माणूस घेतला आणि नाकच नाही. आंधळ्याला ड्रायव्हर ठेवतं कोण?"

आता शेठनी वाइनसाठी माणूस का घेतला ते सांगायला हवं. तळमजल्याला परमिट रूमच्या बाजूलाच एक एसी फॅमिली रूम होती आणि ती रिकामी असायची. शेठच्या पुतण्याला तिथे ऑर्केस्ट्रा आणायचा होता. तेव्हा हायवेच्या कडेने ऑर्केस्ट्रा बार पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे उगवत होते, आणि पुतण्या रोज कुठल्यातरी नव्या बारच्या गल्ल्याच्या बातम्या आणायचा. शेठना मात्र अशी एक खोली हवी होती जिथे त्यांच्या सुना येऊन जेवू शकतील. ही एकच हौस होती त्या माणसाला. मोठ्या हॉटेलांत चांगल्या घरची माणसं जेवणाबरोबर वाइन घेतात असं त्यांनी ऐकलं होतं, म्हणून वाइन, म्हणून कॅप्टन. प्लॉटात पुतण्याचाही वाटा होता, त्याने दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. खोली चालली नाही तर ऑर्केस्ट्रा. आणि ऑर्केस्ट्रा आला तर कॅप्टन घरी, कारण त्या वयात, त्या नाकाने, दुसरं कोण त्यांना उभं करणार होतं?

सामानाच्या खोलीतच त्यांनी मला कामाला लावलं.

"आंबट, गोड, खारट, तुरट हे जिभेचं. ते माझं अजून शाबूत आहे. आंबट माझं, वास तुझा."

"मी पीत नाही."

"पी म्हणतोय कोण? नाकाला कसलं आलंय पाप."

मग रोज सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, ते स्टीलच्या वाटीत दोन चमचे वाइन घेऊन काउंटरवर यायचे. पहिल्या दिवशी मी वाटी हुंगली आणि म्हणाले, "चांगला आहे."

ते भडकले. "चांगला म्हणजे कसला? तुझ्या बापाच्या शर्टालाही चांगला वास येतो म्हणशील."

मला राग आला, पण नेम बरोबर बसला होता. माझे वडील पावणे गावाजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात होते आणि संध्याकाळी ते दारात आले की त्यांच्या शर्टावरून मी सांगायचे, आज कुठल्या खात्यात होते, लाल की निळ्या. लहानपणापासूनचा खेळ होता आमचा. मी परत वाटी उचलली, डोळे मिटले आणि म्हणाले, "पाटी. ओल्या फडक्याने नुकतीच पुसलेली."

कॅप्टननी घोट घेतला, तोंडात फिरवला. "आणि कैरी. जूनमधली नव्हे, एप्रिलमधली. लिही."

लिहायचं काम माझंच. अक्षर बरं होतं म्हणून. मी काळ्या शाईने कागदावर लिहायचे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला मोडकंतोडकं इंग्रजी, आणि समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणायचे. त्या पहिल्या पांढऱ्या वाइनचं कार्डावर असं आलं: "आंबट, एप्रिलच्या कैरीइतकी. वास ओल्या पाटीचा. सोबत तळलेला बोंबील. पनीरबरोबर मागवू नये, दोघांचंही नुकसान होतं."

एका लाल वाइनपुढे लिहिलं होतं, "तुरट, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी. वास पावसाळ्यानंतर उघडलेल्या ट्रंकेचा. सोबत सुकं मटण. घाईत असाल तर दुसरी घ्या." एका गुलाबी वाइनबद्दल तर, "आमच्यापैकी कोणालाच विशेष आवडली नाही. रंग पाहून मागवतात म्हणून ठेवली आहे."

हे वास सगळे माझे नव्हते. एका नाकावर विश्वास ठेवायचा नाही असा त्यांचा नेम होता. आचाऱ्याला बोलवायचे, बर्फवाल्याला, धोब्याला. वीजमीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी वाटी हुंगायला लावली होती. तो बिचारा आपल्यावर काही केस होते की काय म्हणून घाबरला, आणि मग गंभीरपणे म्हणाला, "मनुका. आमच्या आजीच्या डब्यातल्या." ते कार्डावर गेलं. आचारी उरणजवळच्या मोरा बंदराचा कोळी. तो एक वाइन हुंगून म्हणाला, "सुकलेला जाला." मी म्हटलं, मासळीचा वास? त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मासलीचा नाय. जाल्याचा. सूत उनान तापतो ना, तो." कॅप्टननी ते तसंच लिहायला लावलं.

मला वाटायचं, हा कसला वेडेपणा. हळूहळू कळलं की ज्याला स्वतःला वास येतो तो कोणाला विचारत नाही. तो आपलंच खरं करतो आणि "उत्तम, राजेशाही, मखमली" असलं काहीतरी लिहून मोकळा होतो. कॅप्टनना विचारावंच लागायचं. म्हणून त्या कार्डावर सगळ्या वाशीचं नाक होतं.

"उत्तम" या शब्दाला बंदी होती. तशीच "संपली" या शब्दालाही. दुसऱ्या हॉटेलांत जाडजूड कार्ड असतं, तुम्ही बोट ठेवाल ते नेमकं संपलेलं, वेटर तीनदा आत जाऊन येतो आणि शेवटी बिअरवर भागवावं लागतं. आमच्याकडे कपाटात नाही ते कार्डावर नाही. शेवटची बाटली उघडली की कॅप्टन पेन्सिल घेऊन टेबलाटेबलावर जायचे आणि माणसांच्या हातातली कार्डं मागून घेऊन ते नाव खोडायचे. लोक जेवता जेवता वर बघायचे. कधी कधी कार्डावर चारच नावं उरायची. पुतण्या म्हणायचा, याच्यापेक्षा रसवंतीचा बोर्ड मोठा असतो.

आणि चालणं. तो माणूस दिवसभर चालायचा. बाटल्या जिन्याखालच्या कोठडीत होत्या, तिथे वीज गेली की तापायचं, म्हणून त्यांनी भोवती गोणपाटं लावली होती आणि तासातासाला जाऊन ती भिजवायचे. तिथून स्वयंपाकघर. गॅसच्या शेगड्यांची एकेक चावी हाताने चाचपायची, रबरी नळीवरून बोटं फिरवायची, मग दारातून मला खूण. मी काउंटर सोडून आत जायचे, नाक वर करून उभी राहायचे, मान हलवायचे, परत. गर्दीच्या वेळी हे इतक्यांदा व्हायचं की माझ्या नाकी नऊ यायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "कॅप्टन, आत्ता तर बघितलं." ते म्हणाले, "ते मघाचं झालं." तिथून पुन्हा कोठडी. मध्येच कपडे बदलायच्या खोलीत जाऊन शर्ट बदलायचे. रोज तीन शर्ट, सगळे पांढरे, कडक इस्त्रीचे. धोब्याला वाटायचं लग्नघर आहे. त्यांच्याकडे बघून मलाही एका जागी बसवेना. बँकेच्या परीक्षेचं पुस्तक काउंटरखाली उघडं असायचं आणि मी तेच पान पुन्हा पुन्हा वाचत असायचे.

हळूहळू फॅमिली रूममध्ये माणसं दिसायला लागली. एक जोडपं आठवतं, कोपरखैरण्याचंच, नवरा मंत्रालयात, लग्नाचा वाढदिवस. नवऱ्याने कार्ड हातात घेतलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने ते शांतपणे त्याच्या हातातून घेतलं आणि वाचायला लागली. वाचता वाचता हसली. शेवटच्या ओळीवर तिने बोट ठेवलं. तिथे लिहिलेलं होतं, "गोड. वास खोकल्याच्या औषधाचा आणि मनुकांचा. पुष्कळांना आवडते. बर्फ घातला तरी चालेल, लाज नको."

"ही. बर्फ घालून," ती म्हणाली.

पुतण्याचा एक मित्र शेजारी बसला होता, तो फिसकन हसला. कॅप्टननी चिमट्याने स्वतः बर्फ घातला आणि त्या मित्राला ऐकू जाईल असं म्हणाले, "बोटीवर साहेबलोक सूपमध्ये बर्फ घालताना पाहिलेत मी. तुमचं बरोबर आहे, वहिनी." ती बाई नंतर महिन्यातून एकदा यायची, मैत्रिणींना घेऊन. शेठच्या थोरल्या सूनबाईही एक दिवस आल्या, सोलकढी प्यायल्या आणि कार्ड पर्समध्ये घालून घेऊन गेल्या. शेठ त्या दिवशी काउंटरपाशी विनाकारण उभे होते.

आता आमच्या दुसऱ्या एका खुणेबद्दल. गिऱ्हाइकासमोर बाटली उघडली की बिघडली आहे की काय ते बघायला हवं. आंबूस झाली असेल तर कॅप्टनची जीभ सांगायची. पण काही बाटल्यांचं बूच कुजतं, चव फारशी हलत नाही, नुसता कुबट वास. तिथे ते अडायचे. म्हणून बूच बशीत घालून ते नोंदीच्या निमित्ताने काउंटरवर आणायचे. मी हुंगायचे. ठीक असेल तर बशी परत. वाईट असेल तर ओढणी नाकाला. दोन-तीनदा यानेच आमची लाज वाचली होती.

दिवाळी जवळ आली. खोली चालत होती, पण पुतण्याच्या हिशेबात बसेल इतकी नाही. तो एके दुपारी एका माणसाला घेऊन आला आणि त्या माणसाने टेप लावून स्टेजची मापं घेतली, जेवणाऱ्यांच्या पायांखालून. कॅप्टन टेप ओलांडून ओलांडून वाढत होते. शेठ मला म्हणाले, "पोरी, मानूस जेवाला येतो का वाचाला? मना काय कलत नाय." मग त्यांनीच एक मार्ग काढला. ओळखीतून इंग्रजी पेपरात खाण्यापिण्याबद्दल लिहिणारे दादरचे एक गृहस्थ त्यांनी रविवारी जेवायला बोलावले. त्यांनी चार शब्द चांगले लिहिले तर पुतण्याने वर्षभर तोंड उघडायचं नाही. पुतण्या कबूल झाला, कारण नाकाने कांदे सोलणारा तो माणूस आमच्या त्या झेरॉक्सच्या कागदाची काय गत करील याची त्याला खात्री होती.

पाहुणे आले. बारीक, चष्मा, हातात कागदात गुंडाळलेली बाटली. कार्ड त्यांनी पुढून वाचलं, मागून वाचलं, बाजूला ठेवलं. खोली भरलेली होती. शेठ कोपऱ्यात ताक घेऊन बसलेले, पुतण्या दाराशी. मग पाहुण्यांनी आपली बाटली पुढे केली.

"ही मी बाहेरून आणलीये. स्पेशल आहे. कॅप्टन, तुमच्या कार्डावर ही कशी लिहाल?"

कॅप्टननी बाटली उघडली, बूच बशीत घेतलं आणि काउंटरवर येऊन बशी माझ्यापुढे धरली.

आणि त्याच वेळी वारा फिरला. कारखान्यांच्या पट्ट्यातून काहीतरी सुटलं होतं. त्या दिवसांत हे महिन्यातून दोनदा व्हायचं, आम्हाला सवय होती, पण त्या दिवशीचं वेगळंच. सडक्या अंड्यांचा लोट एसीतून आत आला आणि क्षणात सगळी खोली भरली. माझी ओढणी आपोआप नाकाला गेली.

कॅप्टनची पाठ खोलीकडे होती. ते फक्त माझ्याकडे बघत होते. त्यांना दिसली ती ओढणी. मी मान हलवून नाही नाही म्हणत होते, त्यांना वाटलं मी सांगते आहे, नाही, मुळीच नाही, ही देऊ नका. बशी तशीच हातात घेऊन ते वळले आणि थेट पाहुण्यांच्या समोर गेले.

"माफ करा साहेब. ही बाटली कुजलेली आहे. मी ओतणार नाही."

पाहुण्यांनी रुमालातून म्हटलं, "अहो, बाटली नाही, हवा कुजलीये."

कॅप्टननी तेव्हा पहिल्यांदा खोलीकडे पाहिलं. प्रत्येक टेबलावर रुमाल, पदर, नॅपकिन. एक आजोबा टोपी नाकाला लावून बसलेले.

"कॅप्टन," पुतण्या दारातून म्हणाला, "तुमाला नाय आला वास?"

मी काउंटरच्या मागून बाहेर आले, पण काय करायचं ते मला सुचेना. काहीतरी खोटं सांगावं असं मनात आलं, सर्दी झालीय म्हणावं. पण कॅप्टननी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"माका वास येणा नाय," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत ते हॉटेलात मालवणी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. "बोटीवर पडलंय तेव्हापासून. कार्डावरचे वास ह्या सगळ्यांचे. माझी नुसती जीभ."

पाहुण्यांनी कार्ड पुन्हा उचललं आणि एका हाताने रुमाल धरून दुसऱ्या हाताने ते पुन्हा वाचायला लागले. कॅप्टन वाट बघत उभे. मग त्यांचे हात स्वस्थ राहिनात. त्यांनी ग्लास पुढे ओढला, बाटली उचलली.

"आज सगळ्यांचीच नाकं बंद आहेत," ते म्हणाले, "तर आज माझ्यासारखी प्या. नाक दाबूनच ठेवा. आता सांगा, आंबट कुठे लागतं?"

पाहुण्यांनी नाक दाबून घोट घेतला. "कडेला. जिभेच्या कडेला."

"आणि नंतर?"

"नंतर... कोरडं होतं तोंड."

"आता बोंबील खा. आता पुन्हा घ्या."

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपला ग्लास पुढे केला. मग टोपीवाल्या आजोबांनी. कॅप्टन टेबलाटेबलाशी थांबून विचारत होते, आंबट किती, तुरट किती, मीठ लागल्यावर काय झालं, आणि नाकं दाबलेली माणसं गेंगाण्या आवाजात उत्तरं देत होती. कोणी म्हणालं चिंच, कोणी म्हणालं चिंच नव्हे, आवळा. त्यावर दोन टेबलांची जुंपली. ती भयंकर हवा विरेपर्यंत हे चाललं. मी तिथे उभी राहून हसत होते आणि रडत होते, आणि दोन्हीसाठी ओढणी एकच.

शेठ उठले ते सगळ्यांत शेवटी. पाहुण्यांकडे न जाता ते कॅप्टनच्या समोर येऊन उभे राहिले.

"मंग ग्यास?" त्यांनी विचारलं. "ग्यास सुटला तर तुला कलायचा नाय?"

"म्हणून तर बसत नाही, शेठ."

शेठ स्वयंपाकघरात गेले. चाव्यांवर, नळीवर हात फिरवून बघितला, जसा कॅप्टन रोज फिरवायचे. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. हवेमुळे असेल.

पाहुण्यांचा लेख आठवड्याने आला. मी काउंटरवर उभी राहून शेठना मराठीत सांगितला. तो सगळा प्रदूषणावर होता. नव्या शहराची हवा, कारखाने, आंधळं प्रशासन. आमच्याबद्दल एकच वाक्य, शेवटून दुसरं, की याच शहरात एक असं वाइन कार्ड आहे ज्यात काय मागवू नये तेही लिहिलेलं असतं. पुतण्या म्हणाला, एका वाक्याला चार शब्द कसे म्हणायचे? शेठ म्हणाले, "मोज. चाराच्या वर हायेत."

तरी पुतण्या पुतण्याच होता. दिवाळीनंतर तळमजल्यावर ऑर्केस्ट्रा आलाच, आणि फॅमिली रूम माळ्यावर गेली, बुटक्या छताची. शेठनी त्यासाठी बाहेरून वेगळा जिना बांधून घेतला, सुनांना खालून यायला लागू नये म्हणून. सिलिंडर मागच्या भिंतीबाहेर हलवले आणि गॅसची जबाबदारी आचाऱ्यावर टाकली. कॅप्टनना म्हणाले, "आता तू बस. बस मनतो मी." कॅप्टन कुठले बसतात. खाली ढोल वाजला की वर बाटल्या थरथरायच्या, आणि ते त्यांना या कपाटातून त्या कपाटात हलवत फिरायचे. म्हणायचे, वाइनला झोप लागत नाही. कार्डावर मात्र खाली एक ओळ वाढली होती, त्यांनीच सांगितलेली: "हे कार्ड करणाऱ्याला वास येत नाही. वास इतरांनी सांगितले आहेत."

नंतर मी मोठ्या हॉटेलांत चामड्याच्या पुठ्ठ्याची कार्डं पाहिली. पानंच्या पानं नावं. मी त्यात अजूनही एकच शोधते, "पनीरबरोबर मागवू नये" असं कुणी प्रामाणिकपणे म्हटलंय का. म्हटलेलं नसतं. सगळं उत्तम असतं.

बँकेची परीक्षा मी पास झाले. शेवटच्या दिवशी दुपारी, जेवणं उरकल्यावर, वरच्या खोलीत मी नव्या कार्डाची शेवटची प्रत लिहीत होते. कॅप्टन तिसरा शर्ट घालून आले. टेबलांमधून दोन फेऱ्या मारल्या, खुर्च्या सरळ केल्या, ज्या आधीच सरळ होत्या.

"बाय, एक विचारू? खरं सांगायचं. कार्डासाठी सांगतेस तसं."

"विचारा."

"मला वास येतो काय? म्हणजे माझा. माझ्या अंगाचा." ते खिडकीबाहेर बघत होते. "किती वर्षं झाली, माणसाजवळ उभं राहायचं म्हणजे भीती वाटते गो. बायकोला विचारलं तर ती म्हणते, चांगला येतो."

मला तेव्हा ते शर्ट कळले. मी पेन खाली ठेवलं, उठले, त्यांच्याजवळ गेले आणि डोळे मिटले. मला नीट सांगायचं होतं, त्यांच्यासाठी याच्याहून मोठं काम मी कधी केलं नव्हतं.

"इस्त्रीचा," मी म्हणाले. "गरम, अजून न गेलेला. त्याच्याखाली भिजलेलं गोणपाट. आणि अगदी थोडा, हातांना, बुचाचा."

"वाईट?"

"नाही. पण चांगला म्हणजे कसला, ते मी सांगितलं."

त्यांनी दोन्ही हात नाकाशी नेले, जुन्या सवयीने, आणि खाली घेतले. मग विचारलं, "सोबत काय द्यायचं?"

"तळलेला बोंबील," मी म्हणाले. "पनीर नको."

कॅप्टन हसले. शेजारची खुर्ची त्यांनी ओढली आणि तिच्यावर बसले. पाठ टेकून, पाय लांब करून, खाली संध्याकाळच्या सरावाचा ढोल वाजत होता तरी. मग मला म्हणाले, कार्ड दे, एकदा वाचून बघतो.